बिअर मागवताना: नावाआधी आकडा वाचावा

परमिट रूममध्ये गिऱ्हाईक टेबलाशी बसले की वेटर दोन प्रश्न विचारतो. ‘कुठली देऊ?’ हा पहिला आणि ‘स्ट्राँग की माइल्ड?’ हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर गिऱ्हाईक विचार करते, सोबतच्या मंडळींशी चर्चा करते, प्रसंगी वादही घालते. दुसऱ्याचे उत्तर मात्र सवयीने ‘स्ट्राँगच आण’ असे देऊन मोकळे होते. वस्तुतः प्रकृती, खिसा आणि सुखरूप घरी पोहोचणे या तिन्हींच्या दृष्टीने दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. नावांमधील फरक बराचसा चवीचा आणि जाहिरातीचा असतो. आकड्यांमधील फरक प्रत्यक्ष पोटात जाणाऱ्या मद्यार्काचा असतो.

अहमदनगर, म्हणजेच ऑक्टोबर २०२४ पासूनचा अहिल्यानगर जिल्हा, हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. पुणे, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, सोलापूर आणि कल्याण या दिशांना जाणारे हमरस्ते नगर शहरातून फुटतात. या रस्त्यांवरचे बार, तालुक्याच्या गावांतील परमिट रूम आणि बिअर शॉप्या ही एक बाजू. तर दारूच्या भट्ट्या बंद पाडून ग्रामविकासाला आरंभ करणारे पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी ही याच जिल्ह्याची दुसरी बाजू. बिअर प्यावी की पिऊ नये, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु जो मागवणार आहे त्याने आपण नेमके काय मागवत आहोत हे जाणून मागवावे, एवढ्याच हेतूने ही माहिती संकलित केली आहे.

‘परमिट रूम’ हे नाव कशावरून?

राज्यातील मद्यविक्रीचे नियमन १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार होते. पूर्वी ‘मुंबई दारूबंदी अधिनियम’ म्हणून ओळखला जाणारा हा कायदा आता ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ या नावाने ओळखला जातो. नावावरूनच लक्षात येईल की, या कायद्याची मूळ भूमिका बंदीची आहे. विक्री आणि सेवन हे परवान्यापुरते अपवाद आहेत. विक्रेत्याला जसा परवाना लागतो तसा पिणाऱ्यालाही लागतो. हा परवाना एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. परवानाधारकांनी बसून पिण्याची खोली ती ‘परमिट रूम’, असा या शब्दाचा उगम आहे.

परमिट रूमचा परवाना ‘एफएल-३’ या नमुन्यातील असतो. बिअर शॉपीचा परवाना ‘एफएल/बीआर-२’ हा असून तेथे केवळ सीलबंद विक्री करता येते. दुकानाच्या ओट्यावर किंवा शेजारच्या मोकळ्या जागेत बाटली उघडणे या परवान्यात बसत नाही. परवाना नसलेल्या ढाब्यावर बसून बिअर पिणे हाही गुन्हा आहे. दारूबंदी कायद्याचे कलम ६८ असा अड्डा चालविणाऱ्याला, तर कलम ८४ तेथे पिताना सापडणाऱ्याला लागू होते. ‘ढाबेवाल्याने आणून दिली, आम्ही फक्त प्यायलो’ हा बचाव म्हणूनच टिकत नाही.

वयाची अट पुष्कळांना अर्धवट ठाऊक असते. महाराष्ट्रात बिअर आणि वाइन यांसाठी किमान वय २१ वर्षे, तर व्हिस्की, रम, ब्रँडी आदी कडक मद्यांसाठी आणि देशी दारूसाठी २५ वर्षे आहे. बिअर सौम्य असते, म्हणून ती चार वर्षे आधी चालेल, असे या भेदामागचे तर्कशास्त्र दिसते. ते सर्व प्रकारच्या बिअरला लागू पडते काय, हे पुढील हिशेबावरून पाहू.

एका बाटलीत दारू किती?

बाटलीवर दोन आकडे असतात. एक आकारमानाचा, म्हणजे मिलिलिटरचा. आणि दुसरा मद्यार्काच्या टक्केवारीचा. या दोहोंचा गुणाकार म्हणजे आपण पिणार असलेली खरी दारू. देशाच्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने मद्यासाठी २०१८ मध्ये नियम केले आणि ते १ एप्रिल २०१९ पासून अमलात आले. त्यांनुसार ५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर ‘माइल्ड’ किंवा नेहमीची, तर ५ टक्क्यांहून अधिक आणि ८ टक्क्यांपर्यंतची ‘स्ट्राँग’ ठरते. भारतात खपणारी बहुतांश बिअर या दुसऱ्या गटातील आहे. भारतीय बनावटीच्या व्हिस्की-रममध्ये हेच प्रमाण सामान्यतः ४२.८ टक्के असते. या आकड्यांवरून पुढील हिशेब निघतो.

३३० मि.लि.चा पाइंट, ५ टक्के: मद्यार्क १६.५ मि.लि., वजनाने सुमारे १३ ग्रॅम.
६५० मि.लि.ची बाटली, ५ टक्के: ३२.५ मि.लि., सुमारे २६ ग्रॅम.
५०० मि.लि.चा कॅन, ८ टक्के: ४० मि.लि., सुमारे ३२ ग्रॅम.
६५० मि.लि.ची बाटली, ८ टक्के: ५२ मि.लि., सुमारे ४१ ग्रॅम.
व्हिस्कीचा ६० मि.लि.चा मोठा पेग: २५.७ मि.लि., सुमारे २० ग्रॅम.
व्हिस्कीची १८० मि.लि.ची क्वार्टर: ७७ मि.लि., सुमारे ६१ ग्रॅम.

याचा सरळ अर्थ असा की, स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली म्हणजे व्हिस्कीचे दोन मोठे पेग. दीड बाटली म्हणजे एक क्वार्टर. ‘मी दारू घेत नाही, फक्त दोन बिअर घेतो’ असे म्हणणारा गृहस्थ स्ट्राँगच्या दोन बाटल्या रिचवत असेल, तर तो क्वार्टरहून अधिक दारू पीत असतो. एकवीस वर्षांच्या तरुणाला कायदा पेग नाकारतो, परंतु दोन पेगांइतकी बाटली घेऊ देतो, ही विसंगती या हिशेबातून उघड होते. लेबलवर नेमक्या आकड्याऐवजी कमाल मर्यादा दिलेली असेल, तर हिशेब कमाल आकड्यानेच करावा.

स्ट्राँगला इतकी मागणी का, याचे उत्तर तितकेच सरळ आहे. गिऱ्हाईक रुपयामागे चढणारी नशा मोजते. माइल्ड आणि स्ट्राँग यांच्या किमतीतील अंतर मद्यार्कातील अंतराइतके नसल्याने स्ट्राँग ‘परवडते’. मात्र दीड-दोन तास गप्पा मारीत बसणे हा ज्यांचा हेतू आहे, त्यांच्यासाठी हे गणित उलटे पडते. तेवढ्याच वेळेत तेवढेच घोट घेऊनही त्यांच्या शरीरात दीडपटीहून अधिक मद्यार्क जातो.

लॅगर, एल, व्हीट आणि स्टाउट

टक्केवारी ठरल्यानंतर चवीचा विचार करावा. पाणी, मोड आणून भाजलेले जव (म्हणजे सातू, या प्रक्रियेनंतर त्याला माल्ट म्हणतात), हॉप्स या वेलीची कडवट फुले आणि यीस्ट हे बिअरचे चार मूळ घटक. जर्मनीतील बव्हेरियात १५१६ मध्ये निघालेल्या शुद्धतेच्या फर्मानाने बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काहीही घालण्यास मनाई केली होती. यीस्टचे कार्य त्या काळी कोणास ठाऊक नव्हते. आज भारतासह जगभर तांदूळ, मका किंवा साखर यांची जोड देऊन बिअर बनवली जाते. अशा जोडीमुळे बिअर अंगाने हलकी होते, खर्च घटतो आणि मद्यार्क वाढविणेही सोपे जाते. बारमध्ये बिअरला नेहमी व्हिस्की-रमच्या पंक्तीत बसवतात, परंतु दोहोंची कुळे वेगळी आहेत. बिअर धान्य आंबवून होते, तर आपल्याकडील स्वस्त व्हिस्की-रमचा मोठा भाग उसाच्या मळीपासून ऊर्ध्वपातनाने काढलेल्या मद्यार्कावर उभा असतो.

यीस्टच्या कामाच्या पद्धतीवरून बिअरचे दोन मोठे वर्ग पडतात. थंड तापमानात सावकाश आंबणारी ती लॅगर. तुलनेने उष्ण तापमानात लवकर आंबणारी ती एल. नगरच्या बारमध्ये मिळणाऱ्या बहुतेक सर्व बाटल्या, त्यांची नावे कोणतीही असोत, लॅगर वर्गातील असतात. ‘पिल्सनर’ हाही लॅगरचाच प्रकार असून १८४२ मध्ये बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील, पिल्झेन गावी तो प्रथम तयार झाला. रंगाने फिकट सोनेरी आणि चवीला स्वच्छ कडवट अशा त्या बिअरची नक्कल पुढे जगाने केली. मुंबईकरांच्या परिचयाच्या ‘लंडन पिल्सनर’च्या नावातील दुसरा शब्द तेथूनच आला आहे.

व्हीट बिअरमध्ये जवाबरोबर गहूही असतो. ती काहीशी गढूळ, फळांच्या गंधाची आणि कमी कडवट असते. ज्यांना बिअरचा कडूपणा सोसत नाही, त्यांनी प्रथम ही घेऊन पाहावी. स्टाउट ही करपवलेल्या माल्टमुळे काळी दिसणारी बिअर. तिच्या चवीत कॉफीचा भास होतो. काळा रंग म्हणजे अधिक दारू, असा समज आहे, तो चुकीचा आहे. रंग भाजणीवर अवलंबून असतो, टक्केवारीवर नाही. कित्येक काळ्या स्टाउट आपल्याकडील फिकट पिवळ्या स्ट्राँगपेक्षा पुष्कळ सौम्य असतात.

जागेवरच बिअर बनवणाऱ्या छोट्या भट्ट्या, म्हणजे मायक्रोब्रुअरी, राज्यात प्रथम पुण्यात आल्या. २००९ मध्ये तेथे ‘डूलाली’ सुरू झाली. नगरचे अनेक तरुण शिक्षण आणि नोकरीसाठी पुण्यात असल्याने या ताज्या बिअरची चव आता त्यांच्या परिचयाची आहे. अशा ठिकाणी फलकावर प्रत्येक प्रकारापुढे टक्केवारी लिहिलेली असते. ती वाचूनच मागणी नोंदवावी. शंका असल्यास आधी घोटभर चव देण्याची विनंती करण्यास संकोच वाटू देऊ नये.

ताजी बाटली कशी ओळखावी?

वाइन मुरते तशी बिअर मुरत नाही. नेहमीची लॅगर दिवसागणिक उतरत जाते. म्हणून बाटली उघडण्यापूर्वी तिच्यावरील उत्पादनाची तारीख पाहावी. दोन नावांमध्ये मन दोलायमान असेल, तर जी अधिक ताजी ती घ्यावी. नावाजलेली परंतु पाच महिन्यांची बाटली, साध्या पण महिन्याभरापूर्वीच्या बाटलीपुढे बहुधा फिकी पडते.

बिअरचे दोन शत्रू म्हणजे उष्णता आणि ऊन. नगरचा एप्रिल-मे महिन्यांतील पारा ४० अंशांवर जातो. पत्र्याच्या गोदामात साठवलेल्या बाटल्यांतील बिअरला अशा वेळी ओल्या पुठ्ठ्यासारखा शिळा वास येऊ लागतो. उन्हाचा परिणाम याहून वेगळा. प्रकाशामुळे हॉप्समधील द्रव्यांचे विघटन होऊन उग्र दर्प सुटतो. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्याच अंशी अडवते. हिरवी आणि पारदर्शक काच फारसा अडवत नाही. दुकानाच्या दर्शनी भागात उन्हात मांडलेली हिरवी बाटली म्हणूनच टाळलेली बरी. कॅनमध्ये प्रकाशाचा प्रश्न उद्भवत नाही.

टोपण गंजलेले, सैल किंवा एकदा उघडून पुन्हा बसवल्यासारखे वाटले, लेबल फाटलेले वा तिरपे दिसले, तर बाटली परत करावी. बाटली आपल्यासमोरच उघडावी, असे सांगण्यातही गैर काही नाही. ही खबरदारी बिअरपेक्षा कडक मद्याच्या बाबतीत अधिक निकडीची आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर तालुक्यातील पांगरमल येथे विषारी दारूने अनेकांचे प्राण घेतले, हे जिल्हा विसरलेला नाही. बाटली कोठून आली आणि कोणी उघडली हे ठाऊक नसताना फुकट मिळालेली दारू ओठांना न लावणे, हाच त्या दुर्घटनेचा धडा होय.

थंडपणाबाबतही तारतम्य हवे. ‘एकदम चिल्ड’ बिअरमध्ये जीभ बधिर होते आणि चांगली-वाईट सारखीच लागते. लॅगरसाठी साधारण ४ ते ७ अंश सेल्सिअस तापमान योग्य. एल आणि स्टाउट यांना त्याहून थोडी ऊब मानवते. बर्फ घातल्याने बिअर पातळ होते. प्याला तिरका धरून ओतावी आणि शेवटी सरळ करून दोन बोटे फेस येऊ द्यावा. या फेसातूनच बिअरचा गंध नाकापर्यंत पोहोचतो. फेस क्षणात विरत असेल, तर बहुधा प्याल्याला साबण किंवा तेलाचा अंश राहिलेला असतो. अशा वेळी बाटलीला दोष न देता प्याला बदलून मागावा.

छापील किंमत आणि बिलातील किंमत

बिअर शॉपीत छापील किमतीपेक्षा एक रुपयाही अधिक देण्याचे कारण नाही. ‘थंड करण्याचे पैसे’ मागितले जात असतील, तर ते बेकायदा आहेत. परमिट रूमचे तसे नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, हॉटेल-उपाहारगृहात ग्राहक केवळ वस्तू विकत घेत नसून बसण्याच्या जागेसह सेवा घेतो; त्यामुळे तेथे छापील किमतीहून अधिक दर आकारता येतो. साहजिकच बारमध्ये महत्त्वाची ठरते ती दरपत्रकातील किंमत. ती मागणीपूर्वी पाहावी.

मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. बिअरवर राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो आणि परमिट रूममधील त्याचा दर नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ वरून १० टक्के करण्यात आला. बिलात खाद्यपदार्थांवरील कर आणि मद्यावरील कर वेगवेगळे दाखवलेले आहेत काय, हे तपासावे. सेवाशुल्क हे ऐच्छिक असते. ते काढून टाकण्यास सांगण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्कात मोठी वाढ केली, परंतु बिअर आणि वाइन यांना त्यातून वगळले. त्यामुळे व्हिस्की महागली म्हणून बिअरकडे वळणाऱ्या ग्राहकाने तरी वरील हिशेब आवर्जून करावा.

नावांची रेलचेल ही बरीचशी आभासी असते, हेही येथे सांगितले पाहिजे. युनायटेड ब्रुअरीज (किंगफिशर, लंडन पिल्सनर), एबी इनबेव्ह (बडवायझर, हेवर्ड्‌स ५०००) आणि कार्ल्सबर्ग (कार्ल्सबर्ग, ट्युबोर्ग) या तीन समूहांकडे देशातील बिअरच्या बाजारपेठेचा फार मोठा हिस्सा आहे. त्यांपैकी युनायटेड ब्रुअरीजचे नियंत्रण २०२१ पासून हॉलंडच्या हाइनेकेन कंपनीकडे आहे. या तिन्ही समूहांतील कंपन्यांनी २००९ ते २०१८ या काळात संगनमताने किमती ठरवल्याचा निष्कर्ष भारतीय स्पर्धा आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये काढला. युनायटेड ब्रुअरीजला सुमारे ७५२ कोटी आणि कार्ल्सबर्गला सुमारे १२१ कोटी रुपयांचा दंड झाला. एबी इनबेव्हने आयोगाला माहिती पुरवल्यामुळे तिला दंड माफ झाला. अपिलीय न्यायाधिकरणाने डिसेंबर २०२२ मध्ये हा आदेश कायम ठेवला. नावे अनेक असली तरी त्यांमागची घरे मोजकी आहेत, हे लक्षात ठेवल्यास केवळ नावापोटी जादा पैसे मोजण्याचा मोह आवरता येईल.

काही प्रचलित समजुती

‘बिअर प्यायल्याने मुतखडा पडतो’ ही समजूत आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. बिअरमुळे लघवी वाढते, हे खरे. परंतु मद्यार्क शरीरातील पाणी ओढून घेतो, त्यामुळे प्यायल्यानंतर काही वेळाने लघवी उलट दाट होते. शिवाय बिअरमुळे रक्तातील यूरिक आम्लही वाढते. त्याचे खडे होण्याचा आणि सांध्यांच्या दुखण्याचा त्रास संभवतो. मुतखड्यासाठी भरपूर पाणी प्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे. जवाचेच पाणी हवे असेल, तर ते घरी उकळून करता येते. त्यासाठी बारमध्ये जाण्याची आवश्यकता नाही.

‘बिअरमध्ये ग्लिसरीन असते, बाटली पाण्याच्या प्याल्यात उलटी धरली की ते उतरून जाते’ असेही सांगितले जाते. आंबवण्याच्या क्रियेत अत्यल्प ग्लिसरॉल आपोआप तयार होते, परंतु ते संपूर्ण द्रवात विरघळलेले असते. बाटली उलटी केल्याने ते वेगळे होत नाही. खाली उतरताना दिसणारी रेघ असते ती पाण्याहून जड असलेल्या बिअरचीच.

‘उन्हाळ्यात बिअर थंडावा देते’ हा समज गारव्यापुरता खरा, तहानेच्या दृष्टीने खोटा आहे. रणरणत्या उन्हातून आल्यावर प्रथम दोन प्याले पाणी प्यावे, मग हवी असल्यास बिअर मागवावी. चखण्यातील खारे शेंगदाणे आणि मसाला पापड तहान वाढवतात आणि पुढली बाटली लवकर मागवायला लावतात. पोटात काही असेल तर मद्यार्क रक्तात सावकाश भिनतो, म्हणून जेवण शेवटासाठी राखून न ठेवता सोबतच मागवणे हितकर. झोपेच्या गोळ्या, मधुमेहाची औषधे किंवा यकृताचा विकार असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी बिअरही वर्ज्य मानावी. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. कर्करोगाच्या ज्ञात कारणांत मद्याचा समावेश १९८८ मध्येच झाला असून त्यातून बिअरला वगळलेले नाही.

प्याल्यातले पाणी कोठले?

नगरहून संभाजीनगरकडे जाताना शहराच्या अलीकडे वाळूज लागते. तेथील औद्योगिक परिसर हे राज्यातील बिअर उत्पादनाचे एक प्रमुख केंद्र आहे. या उद्योगांना लागणारे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येते. एक लिटर बिअरसाठी कारखान्यात साधारण तीन ते पाच लिटर पाणी खर्च होते. जायकवाडीच्या वरच्या अंगाला नगर आणि नाशिक जिल्ह्यांतील धरणे आहेत. मुळा नदी प्रवरेला मिळते आणि प्रवरा नेवासे तालुक्यात गोदावरीला. समन्यायी वाटपाच्या तत्त्वानुसार २०१५, २०१८ आणि २०२३ मध्ये वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्यात आले, तेव्हा या भागातील लाभधारक शेतकऱ्यांनी त्यास विरोध केला होता. खाली गेलेले पाणी मद्य कारखान्यांना मिळते, हा त्यांचा एक नेहमीचा आक्षेप. २०१६ च्या भीषण दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला होता. जायकवाडीचे पाणी प्रामुख्याने पिण्यासाठी आणि शेतीसाठीच आहे, आणि या उद्योगांवर हजारो कुटुंबे अवलंबून आहेत, हेही तितकेच खरे. तरीही अर्धी बाटली टेबलावर तशीच सोडून उठताना हा हिशेब आठवावा.

परतीचा रस्ता

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मि.लि. रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा तसा गुन्हा घडल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

हे प्रमाण बिअरच्या भाषेत मांडायचे तर ६५ किलो वजनाच्या पुरुषाचे स्थूल उदाहरण घेता येईल. माइल्डच्या एका पाइंटनेच तो ३० मिलिग्रॅमच्या काठावर पोहोचतो. माइल्डच्या मोठ्या बाटलीने ती मर्यादा जवळजवळ दुप्पट होते आणि स्ट्राँगच्या एका मोठ्या बाटलीने तिप्पट. शरीर तासाला सुमारे १५ मिलिग्रॅमच्या गतीने मद्यार्क कमी करते. म्हणजे स्ट्राँगची एकच बाटली प्यायल्यावर रक्त कायद्याच्या मर्यादेत यायला चार तासांच्या आसपास आणि पूर्ण निवळायला सहा तासांच्या आसपास लागतात. वजन कमी असल्यास, पोट रिकामे असल्यास किंवा पिणारी व्यक्ती स्त्री असल्यास हे प्रमाण आणखी वाढते. कॉफी, लिंबू-पाणी, थंड पाण्याने अंघोळ यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही.

महामार्गांवरील अपघात लक्षात घेऊनच सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील मद्यविक्री १ एप्रिल २०१७ पासून बंद करण्याचा आदेश दिला होता. पुढे कमी लोकवस्तीच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर झाले आणि २०१७ मध्येच शहरांच्या हद्दीतील रस्त्यांना सवलत मिळाली. दुकानाचे अंतर न्यायालय ठरवू शकते. मात्र बारमधून उठून दुचाकीला किल्ली लावायची की नाही, हे पिणाऱ्यालाच ठरवावे लागते. सुपे, घारगाव किंवा वडाळ्याच्या अंधाऱ्या रस्त्याने परतायचे असेल, तर गाडी चालवणाऱ्याने बिअर घेऊच नये. त्याच्यासाठी आता मद्यार्कविरहित बिअर मिळते. अर्ध्या टक्क्याहून अधिक मद्यार्क तिच्यात नसतो, ‘०.०’ अशी खूण पाहून ती मागवावी.

निवड गावाचीही

बिअर कोणती, हा प्रश्न गिऱ्हाईकाचा असला तरी गावात दुकान असावे की नाही, हा प्रश्न गावाचा आहे. अण्णा हजारे १९७५ मध्ये राळेगणसिद्धीत परतले तेव्हा गावात दारूच्या भट्ट्या होत्या. त्या बंद झाल्यानंतरच पाणलोटाची कामे आणि शाळा यांना बळ आले. २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातील महिलांना दुकान बंद करण्यासाठी मतदान मागता येते. मतपत्रिकेवर उभी आणि आडवी अशा दोन बाटल्या असतात. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद होते. मतदानाला न आलेल्या बाईचे मत उभ्या बाटलीच्याच पारड्यात पडते, म्हणून ही लढाई जिंकणे सोपे नसते. परंतु बाटलीचा परिणाम टेबलापुरता राहत नाही, याची ही कायदेशीर कबुलीच होय.

थोडक्यात, मागणी करताना प्रश्नांचा क्रम असा ठेवावा. परत कसे जायचे आहे? टक्केवारी किती आणि बाटली किती मिलिलिटरची? उत्पादनाची तारीख कोणती? दरपत्रकातील किंमत किती? आणि त्यानंतर, नाव कोणते? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर पाचव्याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या जिभेला विचारावे.